टपाल हरवतं, मेल हरवत नाही

आमचा धंदा काय होता हे आज कुणाला सांगायला गेलं की समोरचा माणूस माझ्याकडं जरा संशयानंच बघतो. लोकांच्या मेल आम्ही लोकांना पोचवायचो. म्हणजे काय, मेल तर आपोआप पोचते की! आता पोचते हो. तेव्हा नगरमध्ये ती आपोआप पोचत नव्हती. ती आधी माझ्याकडं यायची, माळीवाड्याजवळच्या एका जिन्याखालच्या खोलीत, आणि मग गिऱ्हाईक आपल्या फोनच्या वायरीतून मला फोन लावून ती उतरवून घ्यायचं.

गिऱ्हाइकं म्हणजे एमआयडीसीतले लहान कारखानदार, शिर्डीचे दोन हॉटेलवाले, राहुरीकडचा एक बियाणंवाला, सगळे मिळून वीस-बावीस. प्रत्येकाच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेला एक मोडेम आणि फोनची एकुलती एक लाईन. दिवसातनं तीन-चारदा त्यांचा मोडेम माझ्या मोडेमला फोन लावायचा, दोघं मिळून मांजरं भांडल्यासारखे किंचाळायचे आणि मग साठलेली मेल हळूहळू उतरायची. तेवढा वेळ त्यांचा फोन एंगेज. बाहेरून कुणी ऑर्डर द्यायला फोन केला तर लागायचा नाही, आणि मग शेठ माझ्यावर उखडायचे. मी काय ऐकून घेणारी? मीही उखडायचे. नाकावर राग आणि जिभेला हाड नाही, असं माझी सासू माझ्याबद्दल ज्याला त्याला सांगायची, आणि ती खोटं बोलत नव्हती.

त्यांचा फोन लवकर मोकळा व्हावा म्हणून मी एक युक्ती काढली. त्यांच्या मेल मी आधी स्वतः चाळायचे. परदेशी लॉटऱ्या, टकलावरची औषधं, एकानं पन्नास जणांना पाठवलेले देवांचे फोटो, हे सगळं काढून टाकायचं आणि कामाचं तेवढंच पुढं सोडायचं. तांदूळ निवडतात ना, तसं. शब्दही मी तोच वापरायचे आणि गिऱ्हाइकांनी तो उचलला. "ताई, आमचं निवडलं का?" असे सकाळी फोन यायचे. मोठ्या कंपन्या गावात आल्या तरी ही माणसं माझ्याकडं राहिली ती या निवडण्यामुळं. मी कुणाचं वाचत नव्हते हं. पाठवणारा कोण, विषय काय, वरच्या दोन ओळी, बास. आज कुणी असं केलं तर त्याला कोर्टात खेचतील. तेव्हा लोक दिवाळीला मला मिठाई पाठवायचे.

जाणाऱ्या मेलवरही माझी नजर असायची. व्हायरसची साथ होती त्या दिवसांत. एखाद्याच्या कॉम्प्युटरला लागण झाली की तो आपण होऊन दहा दिशांना कचरा पाठवत सुटायचा, आणि मला इंटरनेट पुरवणारी वरची कंपनी शिक्षा म्हणून माझी सगळी लाईन बंद करायची. असं एकदा झालं होतं आणि दोन दिवस मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून वेडंवाकडं काही दिसलं की मी मागंपुढं बघायचे नाही.

माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे चाचा. एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे चार लेथ होते. साखर कारखान्यांच्या पंपांचे सुटे भाग तिथं घडायचे. त्यांना अख्खी एमआयडीसी चाचाच म्हणायची, वयानं मोठी माणसंसुद्धा. ते रोज सकाळी फोन करायचे, "ताई, आली का मेल? आली असंल तर ढकला की इकडं." मी म्हणायचे, "चाचा, ती काय टेम्पो आहे ढकलायला?" मग ते हसायचे आणि त्यांचा दिवस सुरू व्हायचा. कॉम्प्युटरला मात्र ते स्वतः कधी हात लावायचे नाहीत.

ते काम त्यांनी लेथ चालवणाऱ्या त्यांच्या टर्नरकडं दिलं होतं. कर्जतकडचा तरुण, सव्वीस-सत्तावीसचा. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. मुलांना खुणांनी आणि पाटीवर शिकवतात तसल्या शाळेत तो शिकला होता आणि त्याचं मराठी लिहिणं शेडमधल्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ होतं. चाचांनी त्याला निवडायचं दुसरं कारण त्यांच्याच शब्दांत सांगते, "त्या डबड्याचं किंचाळनं सहन करनारा येवढाच एक हाय माज्याकडं."

त्याला शिकवायला मी स्वतः शेडवर गेले होते. बाकी सगळ्यांना कनेक्शन लागलं की नाही हे आवाजावरनं कळायचं. याला कसं कळणार? स्क्रीनवर लिहून येईल, असं मी त्याला कागदावर लिहून दाखवलं. त्यानं मान हलवली, आणि मोडेम सुरू झाल्यावर दोन बोटं हळूच त्याच्या पाठीवर ठेवली. थोडा वेळ तसाच डोळे मिटून उभा राहिला. मग त्यानं अंगठा वर केला. स्क्रीनवर अक्षरं त्यानंतर उमटली. अगं बाई, मी बघतच राहिले. तो आवाज मी रोज शंभरदा ऐकायचे आणि कान झाकायचे, आणि ह्यानं तो बोटांनी ऐकला. मला तो त्या दिवशीच फार आवडला.

निघताना त्यानं कागदावर लिहून विचारलं, "पाठवलेली मेल नक्की पोचते ना?"

मी पेन घेतलं आणि मोठ्या तोऱ्यात लिहिलं, "टपाल हरवतं, मेल हरवत नाही." खाली दोन रेघा मारल्या. त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, गंमत म्हणून ठेवला असेल.

घटस्थापनेच्या सुमारास चाचांच्या डब्यात कचरा यायला लागला. पाठवणारा कोपरगावचा कुठलासा छापखाना, आणि आत इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. कॅपिटल, स्मॉल, मध्येच कंस, मध्येच आडवी रेघ, ना शेंडा ना बुडखा. आणि दोन दिवसांनी बघते तर तसलीच खिचडी चाचांकडनं कोपरगावला निघालेली! झालं. माझी खात्री पटली की दोन्हीकडं व्हायरस बसलाय आणि दोघं एकमेकांना लागण देतायत. येणारं उडवलं, जाणारंही उडवलं. दर आठवड्याला एखाद-दुसरं यायचं आणि एखाद-दुसरं जायचं, आणि मी बोटाच्या एका टोल्यात ते कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. चाचांना सांगितलंही नाही. उगाच म्हातारा घाबरेल म्हणून.

मध्येच एकदा तो टर्नर माझ्या दुकानात आला. जेवणाचा डबा घेऊन, दुपारच्या सुट्टीत, सायकलनं. त्यानं लिहिलं, "आमच्या मेल जातात का?" चाचांची बिलं, कोटेशनं सगळी जात होती, मीच सोडत होते. मी लिहिलं, "जातात." त्यानं लिहिलं, "आणि येणाऱ्या?" मी लिहिलं, "आली की त्याच दिवशी देते." तो उभाच राहिला. दोन फोन वाजत होते, शिर्डीचा हॉटेलवाला ओरडत होता, आणि हा माझ्या तोंडाकडं बघत उभा. मी वैतागून हात उडवला, आता जा बाबा. तो गेला.

दिवाळी झाली आणि चाचांचा फोन आला. मेलचं काही विचारलं नाही तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"ताई, ह्या पोराचं काय तरी करा. जेवत न्हाई."

"का? बरं नाही का त्याला?"

"एक पोरगी हाय कोपरगावला. त्याच्याच शाळंतली, ती बी तशीच. छापखान्यात लग्नपत्रिका टाईप करती. दोगांचं जमलंय शाळंपासनं. तिच्या बापानं सांगितलं, पोराचं मन काय हाय ते कळू द्या, न्हाईतर मी दुसरं स्थळ बघतो. ह्यानं मेलवर कळवलंय म्हनं, एकदा न्हाई, चार-पाचदा. तिचं उत्तर न्हाई. काल शाफ्ट बिघडवला त्यानं. सात वर्सांत पैल्यांदा. तुमी जरा बघा की. अडकलं का कुटं."

आणि मी काय बोलले? आजही आठवलं की जीभ हासडून द्यावीशी वाटते. मी म्हटलं, "माझ्याकडं काही अडकत नाही चाचा. पोरीला नको असेल तर ती कशाला लिहील?"

"व्हय, ते बी खरंच," चाचा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतरचा शनिवार. साडेबारा वाजले असतील. तो आला, माझ्यासमोर एक फ्लॉपी ठेवली आणि लिहिलं, "यात माझी पाच पत्रं आहेत. छापून द्या. रजिस्टर पोस्टानं पाठवतो." चाचांच्या प्रिंटरची फीत वाळून गेली होती, हे मला माहीत होतं. त्याला जरा हसवावं म्हणून मी लिहिलं, "टपाल हरवतं बरं!" तो हसला नाही.

मी फ्लॉपी घातली, पहिलं पत्र उघडलं, आणि स्क्रीनभर तीच खिचडी. कॅपिटल, स्मॉल, कंस, रेघ. मला तर चोर सापडल्याचा आनंद झाला हो! मी टेबलावर हात आपटून स्क्रीनकडं बोट दाखवलं, हाच तो, हाच तो कचरा, तुझ्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे! आपण एखाद्या फार न शिकलेल्या माणसाकडं बघतो तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हाताखालून माऊस ओढून घेतला. फ्लॉपीतच मराठीचा फॉन्ट होता, तो त्यानं माझ्या कॉम्प्युटरवर चढवला, सगळं पत्र निवडलं, आणि एक टिचकी मारली.

त्या खिचडीचं मराठी झालं.

तेव्हा असंच होतं. ज्या फॉन्टात लिहिलंय तो वाचणाऱ्याकडं असेल तर ते मराठी, नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण मराठीत कुणी मेल लिहील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमचा सगळा कारभार मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मराठी चाचांच्या शेडमध्ये असायचं ते 'येथे थुंकू नये' लिहिण्यापुरतं. कॅपिटल ए, स्मॉल ए, एक चौकोनी कंस आणि आडवी रेघ, ही चार चिन्हं मी सव्वा महिना कचरा म्हणून उडवत होते. त्या स्क्रीनवर बघितलं तर तिथं लिहिलं होतं, 'आई'. "माझी आई तुला बघायला कधीची तयार आहे." आपली भाषा, आपली अक्षरं, आणि मला ती ओळखू आली नाहीत.

तो आपला छापायची वाट बघत उभा. त्याला अजून काही कळलेलं नव्हतं.

मी माझ्या कॉम्प्युटरवरचा कचऱ्याचा डबा उघडला. आठवड्याचा कचरा मी शनिवारी संध्याकाळी कायमचा पुसून टाकायचे. म्हणजे आधीचं सगळं गेलेलं. ह्या आठवड्याचं एकच होतं, गुरुवारचं. त्याला तो फॉन्ट लावला आणि वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाची मेल शेवटपर्यंत वाचली.

"हे माझं सहावं पत्र, आणि शेवटचं. तू उत्तर देत नाहीस. मेल हरवत नाही असं तूच मला पोस्टकार्डावर कळवलं होतंस, म्हणून मी मेल लिहिते. म्हणजे तू वाचतोस आणि गप्प बसतोस. आपण दोघं गप्पच असतो, पण हे गप्प राहणं वेगळं आहे. रविवारी पाहुणे येणार आहेत. आण्णा म्हणतात, पसंत पडलं तर लगेच सुपारी फोडू. मी आता नाही म्हणणार नाही."

रविवार म्हणजे उद्या.

मी ते छापलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. तारीख बघितली. मग माझ्याकडं बघून लिहिलं, "हे कुठे होतं?"

आणि मी लिहिलं, "लाईन खराब होती."

उचललं पेन आणि लावलं कागदाला! इतक्या सहज लिहिलं मी ते. मग तोच सहजपणा लपवायला मी घाई सुरू केली. कोपरगावच्या छापखान्याला फोन लावला. मालक म्हणाला, ती आज सुट्टीवर आहे, घरी पाहुणे येणार आहेत. घरी फोन आहे का? नाही. चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घाला त्याला बशीत." मी म्हटलं, "मी पण जाते." चाचा म्हणाले, "तुमी कशाला?" मी फोन ठेवला. त्याची पाचही पत्रं छापली, मोडेम चालू ठेवले, दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही स्टँडवर गेलो.

कोपरगावची बस मिळाली, जागाही मिळाली. तो खिडकीशी, मी शेजारी. मांडीवर पत्रांची पिशवी. कारखान्यांचं गाळप सुरू झालं होतं, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, आणि बस त्यांच्या मागं रांगत होती. तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. एकदा त्यानं माझ्याकडं वळून दोन्ही हात जोडले. मी दुकान बंद करून त्याच्यासाठी निघाले म्हणून! राहुरीपर्यंत मी ते कसंबसं सोसलं.

तोंडानं कबूल करणं सोपं असतं. पुटपुटता येतं, खोकता येतं, "अहो झालं असेल काहीतरी" म्हणत विषय बदलता येतो. त्याच्याशी तसं करता येत नव्हतं. त्याला सांगायचं म्हणजे लिहायचं, आणि लिहिलेलं समोर तसंच राहतं. मी पिशवीतनं कागद काढला. बस हलत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. मी लिहिलं, "लाईन खराब नव्हती. तुमची मराठी पत्रं मला कचरा वाटली. तिचीही, तुझीही. मी पुसून टाकली. तुझं एकही तिला पोचलं नाही. माझं चूकलं."

त्यानं कागद घेतला. वाचून झाल्यावर खिडकीकडं तोंड केलं. त्याची पाठ तेवढी मला दिसत होती. राहत्याच्या स्टँडवर बस थांबली, पेरूवाल्या बाया खिडक्यांशी आल्या, एकीनं त्याच्या तोंडासमोर टोपली धरली तरी तो हलला नाही. मी मनात म्हटलं, ह्यानं आता मला इथंच उतरवून दिलं तरी हरकत नाही. रडू यायला लागलं. मी रडणारी बाई नाही, पण आलं.

बस सुटल्यावर तो वळला. हात पुढं करून पेन मागितलं. मला वाटलं आता काहीतरी जहाल लिहिणार. त्यानं कागद मांडीवर नीट धरला, आणि 'चूकलं' मधला दीर्घ उकार खोडून तिथं ऱ्हस्व काढला. चुकलं. एवढंच. मग कागद मला परत दिला.

त्याच्या शाळेत शुद्धलेखन फार कडक होतं, हे मला नंतर कळलं. ज्यांना शब्द फक्त डोळ्यांनीच भेटतात त्यांना चुकीचा शब्द खुपतो. पण तेव्हा मला वाटलं, ह्यानं माझी चूक घेतली, दुरुस्त केली आणि मला वापरायला परत दिली. मी डोळे पुसत हसले. तो हसला नाही, पण त्यानं खिडकीतनं हात काढून मागं दाखवलं, एक पेरू घ्यायला हवा होता अशी खूण केली. बस तर केव्हाच पुढं आली होती.

कोपरगावला उतरेपर्यंत साडेपाच झाले. त्यांची वस्ती गावाबाहेर, गोदावरीच्या अंगाला, चहूबाजूंनी ऊस. रिक्षानं गेलो. अंगणात ती उद्याच्या तयारीला बसली होती, पुरणाची डाळ निवडत. सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. त्याला बघितलं, आणि पुन्हा खाली बघून डाळ निवडायला लागली.

तो तिच्या समोर उकिडवा बसला आणि त्यानं पाच कागद पुढं धरले. तिनं ते घेतले नाहीत. त्याचे हात हलायला लागले, भराभर. मग तिचे हात हलले, आणि बाई गं, हातांनी इतकं भांडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं! डाळ सगळी अंगणात सांडली. मी पुढं झाले आणि बसमधला तो कागद तिच्या हातात दिला.

तिनं तो उभ्यानं वाचला. मग माझ्याकडनं पेन घेऊन लिहिलं, "माझी पत्रं कुठे आहेत?"

"पुसली. शेवटचं तेवढं वाचलं."

"आधीची वाचून पुसली?"

"न वाचता."

ती माझ्याकडं बघत राहिली. वीस-बावीस गिऱ्हाइकांना मी तोंडावर ऐकवलं होतं, पण त्या मुलीच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. तिनं लिहिलं, "वाचून पुसली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं." त्या वाक्यात एकही चूक नव्हती.

तोवर तिचे वडील, पत्रातले आण्णा, गोठ्याकडनं आले. धोतर, टोपी, हाताला वैरण लागलेली. मी त्यांना सगळं सांगितलं, या वेळी तोंडानं, आणि पुटपुटले नाही. त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. "म्हंजी पोरानं लिवलं हुतं?"

"पाच वेळा."

"आन आमी त्याला नावं ठेवली." ते माझ्याशेजारी टेकले. "माजा काय इरोद न्हवता, ताई. येवढंच म्हनत हुतो, दोगं बी असली, उद्या दार वाजलं तर उघडनार कोन? बोलता-चालता माणूस बघितला म्हून."

अंगणात ती दोघं आता समोरासमोर बसली होती. तिनं त्याचे पाच कागद पहिल्या ओळीपासून वाचले, एकेक करून, आणि पदराखाली ठेवले. मग तिनं एक बोट वर केलं. एक. आणि हात हलवायला लागली, सावकाश, मध्ये मध्ये थांबत, आठवत. थोड्या वेळानं दोन बोटं वर केली. दोन. तेव्हा मला उमगलं. ती तिची पुसलेली पत्रं सांगत होती. पहिलं पत्र, दुसरं पत्र. तिसऱ्याला त्याचे डोळे भरले, चौथ्याला तो मोठ्यानं हसला, घोगरा आवाज फुटला त्याचा, आणि शेजारची कोंबडी पळाली.

"काय सांगती ओ?" वडिलांनी मला विचारलं. "तुमाला कळतंय का?"

"नाही."

"मला बी न्हाई. घरच्यापुरतं कळतं. जेव, ये, बस, येवढं." ते तिच्याकडं बघत राहिले. "येवढं बोलायला हाय व्हय तिच्याजवळ?"

पाचवं संपलं तशी ती उठली. वडिलांसमोर आली. त्याच्याकडं बोट केलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग रस्त्याकडं बोट केलं, उद्या जिकडनं पाहुणे येणार होते तिकडं, आणि नको म्हणून हात हलवला. हे मलाही कळलं.

म्हातारा उठला. टोपी नीट केली, पायात चप्पल घातली आणि मला म्हणाला, "चला, रस्त्यावर फोन हाय. तुमची बस बी तिथनंच घावंल."

रस्त्यावरचा एसटीडीवाला पत्र्याच्या टपरीत बसला होता. नंबर लागला. म्हातारा फोनमध्ये ओरडूनच बोलत होता, खेड्यातली माणसं बोलतात तसं, म्हणून मला दाराबाहेर सगळं ऐकू आलं.

"पाहुनं, उद्या येऊ नका... न्हाई, न्हाई, सगळी बरी हायती... पोरगीच न्हाई म्हनती." पलीकडचा काहीतरी बोलला, बहुतेक हसून. म्हाताऱ्यानं फोन कानापासनं जरा लांब धरला, मग पुन्हा जवळ घेतला.

"बोलती की," तो म्हणाला. "लई बोलती. आमालाच ऐकू येत न्हाई."